अकरा वह्या

"मॅडम, मले सुचते, पण सरत नाई."

माझ्याकडे समुपदेशनाला आलेला, ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातला २४ वर्षांचा मुलगा. सोबत वडील. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पिशवीतून त्याने वह्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. अकरा वह्या, आणि अकराही वह्यांत एकाच नाटकाचा पहिला प्रवेश. कुठे पाटील ओसरीवर बसलेला, कुठे उभा. एका वहीत तर पहिलं वाक्य सात वेळा खोडलेलं, कागद पार फाटेस्तोवर. पुढची पानं कोरी.

त्याला झाडीपट्टीसाठी, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीसाठी, नाटक लिहायचं होतं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू झाल्या की आमच्याकडे होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात आणि वडसा म्हणजे नाटक कंपन्यांचं गाव. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून या पोराची झोप उडाली होती. त्याचा प्रश्न एकच होता: "माझ्यात ते आहे का नाही, एवढं सांगा."

हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. गाणारे विचारतात, घरच्या शेडमध्ये यंत्र जोडणारे विचारतात. मी आधी झोप, जेवण आणि इतर कशात मन रमतं का, हे विचारून घेते. तिथेच बिघाड असेल तर नाटक मागे ठेवावं लागतं. याचं तसं नव्हतं. मग मी चूक केली. रोज पहाटे एक तास लिही, असं वेळापत्रक आखून दिलं. तीन आठवड्यांनी बारावी वही आली. त्यातही पहिलाच प्रवेश!

त्या दिवशी गाडी वळवली ती वडिलांनी. तोवर ते खुर्चीच्या काठावर गप्प बसत. म्हणाले, "आमच्या बांधीत एचएमटी हाय. नांदेडच्या दादाजीचं धान. त्याले का पह्यल्याच दिवशी पोतं भेटलं?"

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे जेमतेम शिकलेले, जमीन दीडेक एकर. १९८३ मध्ये पटेल-३ धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी वर्षं गेली, तेव्हा कुठे घड्याळाच्या नावाचं ते वाण गावोगाव पोचलं. लोंबी ओळखता आली, कारण जन्म धानात गेला होता. पण ती चांगली की वाईट, हे बांधीतच ठरलं असणार, हातात धरून नाही.

हा पोरगा मात्र लोंबी हातात घेऊन बारा वेळा न्याहाळत होता. लिहिणारा आणि पारखणारा, दोघं एकाच वेळी वहीवर वाकलेले. मग पान दुसरं उजाडणार कसं?

वेळापत्रक मी फाडलं. दोन कामं दिली. एक, मंडईतली तीन नाटकं लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहायची आणि लोक चहाला कधी उठतात, ते टिपायचं. दुसरं, तेरावी वही शेवटच्या प्रवेशापासून सुरू करायची आणि खोडायचं नाही. मुद्दाम वाईट लिहिलंस तरी चालेल, म्हटलं, पण पडदा पडला पाहिजे. आणि शेती सोडायची नाही. पोट नाटकावर टांगलं की हात कापतो, असा माझा अनुभव आहे. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही.

मंडईनंतर तो आला तेव्हा डोळे जाग्रणाने लाल होते. टिपणात लिहिलं होतं: "१:४०, मायलेकीचा प्रवेश, कोणी उठलं नाही. २:१५, भाषण, अर्धा मंडप चहाला." स्वतःच म्हणाला, "माह्या नाटकात तं सगळं भाषणच हाय."

रोवणीच्या आधी वही पूर्ण होऊन आली. तिसरा अंक कच्चा होता, आणि हे मी बोलायच्या आतच त्याने सांगितलं. गावातल्या मित्रांना मंदिरात बसवून वाचूनही दाखवलं होतं. दोघं झोपले म्हणे. कोणत्या पानावर झोपले, तिथे त्याने पेन्सिलीने फुली मारली होती.

"माझ्यात ते आहे का" हे त्या दिवशी त्याने विचारलं नाही. रोवणीसाठी धानाचे पऱ्हे तयार होते, बाबा बाहेर फटफटी सुरू करून उभे होते, तो घाईत गेला.