विनोदकार की विदूषक?

प्रश्न : आमच्या गावी मंडईच्या जत्रेला नाटक असते. यंदाचे विनोदी नाटक गावातल्याच एकाने लिहिले. हँडबिलावर त्याच्या नावाआधी काही जण 'विदूषक' टाका म्हणतात, काही 'विनोदकार'. बरोबर काय?
(एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा)

उत्तर : 'विनोदकार' छापा. विदूषक हे पात्र, संस्कृत नाटकातला राजाचा खादाड सोबती. त्यात मूळ धातू 'दूष्', म्हणजे दोष लावणे, बिघडवणे. म्हणून 'दू' दीर्घ. विदुषी आली 'विद्' म्हणजे जाणणे यावरून, तिचा 'दु' ह्रस्व. दोघांचे काही नाते नाही, तरी कंपोज करणारे सर्रास 'विदुषक' ठोकतात. प्रूफमध्ये तेवढे बघा.

'विनोद'मध्ये धातू 'नुद्', म्हणजे ढकलणे. शीण, कंटाळा दूर सारतो तो विनोद. त्यात हसणे असायलाच हवे असे नव्हते : 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात सेनापती चक्क शिकारीला विनोद म्हणतो. पुढचा 'कार' नाटककार, कथाकार यांतलाच, म्हणून जोडून लिहायचे. 'विनोद कार' असे तोडले की वाचणारा गाडी शोधतो. 'विनोदी लेखक' चुकीचे नाही, पण माणूसच गमत्या आहे असाही अर्थ निघतो. त्यापेक्षा विशेषण नाटकाला लावा : 'तीन अंकी विनोदी नाटक', खाली 'लेखक' आणि नाव. आमच्या मते हेच सर्वांत नेटके. 'विनोदवीर' मात्र टीव्हीवर हसवणाऱ्यांसाठी राहू द्या.

प्रश्न : इंग्रजीतला 'ह्यूमरिस्ट' याच अर्थाचा ना?

उत्तर : आज हो, मुळात नाही. लॅटिनमध्ये 'ह्यूमर' म्हणजे ओल, द्रव. युरोपातले जुने वैद्य शरीरात चार द्रव मानत : रक्त, कफ, पिवळे पित्त, काळे पित्त. (आपले दोष तीन, त्यांत रक्त नाही.) एखादा द्रव वाढला की स्वभाव एकीकडे कलतो, असा समज. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अशा तऱ्हेवाईक माणसाला 'ह्यूमरिस्ट' म्हणत. इंग्रज नाटककार बेन जॉन्सनने 1598 मध्ये अशाच माणसांवर नाटक रंगवले. म्हणजे आधी ज्याला हसायचे तो ह्यूमरिस्ट. हसवणारा हा अर्थ मागून आला.

प्रश्न : मराठीतला पहिला मोठा विनोदकार आपल्या भागातला, हे खरे का?

उत्तर : खरे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, जन्म नागपूर, 1871. वकिली अकोल्याला आणि पुढे जळगाव जामोदला. 'सुदाम्याचे पोहे' हे विनोदी लेख त्यांचेच. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने करत. गडकरी 1919 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला वारले.