घरचा सर्व्हर बाहेरून उघडायचाय? आधी हे बघ
अरे, पोर्ट फॉरवर्डिंगला (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने घरच्या सर्व्हरकडे पाठवणं) हात लावायच्या आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला इंटरनेटच्या बाजूने मिळालेला पत्ता) काय दिसतोय ते बघ आणि 'व्हॉट इज माय आयपी' सर्च करून येतो त्याच्याशी ताडून बघ. दोन्ही सारखे असतील तर निम्मं काम झालं. राउटरमधला १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुझ्यापुढे अजून एक राउटर आहे, बहुतेक इंटरनेट कंपनीचा मोडेम, त्याला ब्रिज मोडवर टाक, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसता मोडेम राहील. आणि १००.६४ ते १००.१२७ मधला निघाला तर सीजीनॅट, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय, मग कितीही पोर्ट उघड, काही उपयोग नाही, सरळ टेलस्केल (पोर्ट न उघडता चालणारं व्हीपीएन, म्हणजे खाजगी एन्क्रिप्टेड जोडणी) वापर. मी दोन रात्री राउटरला शिव्या घातल्या, शेवटी हेच निघालं :)

बाकी चुका ठरलेल्याच:
- सर्व्हरचा लोकल आयपी राउटरमध्ये रिझर्व्ह न करणं. रीस्टार्ट झाला की आयपी बदलू शकतो आणि मग फॉरवर्डिंग भलतीकडेच जातं.
- घरच्याच वायफायवरून टेस्ट करणं. मोबाइल डेटावरून कर.
- वैतागून डीएमझेड (एका मशीनचे सगळे पोर्ट बाहेर उघडणारं सेटिंग) चालू करणं, किंवा २२ पोर्ट (एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिनचा) नुसत्या पासवर्डवर उघडा टाकणं. नको रे बाबा, काही तासांतच लॉगिनचे प्रयत्न सुरू होतात. फक्त वायरगार्डचा (हेही व्हीपीएनच) यूडीपी ५१८२० पोर्ट उघड.

डोमेन, रिव्हर्स प्रॉक्सी (आलेली विनंती योग्य सर्व्हिसकडे वळवणारा प्रोग्राम) वगैरे नंतर. आधी बाहेरून कनेक्ट तरी होऊ दे.