ख्रिस्ती लोकांत खरेपणाला एवढं महत्त्व का? एका कोंबड्याच्या उधारीवरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसच्या टूरवर सगळे टॅक्सीचं वाढीव बिल लावतात. तुमचा ख्रिस्ती सहकारी मात्र एसटीने गेला, एसटीचंच तिकीट लावलं, आणि त्यापायी साहेबांनी बाकीच्यांची बिलंही तपासायला काढली. तुमच्या धर्मात एवढं-तेवढं खोटंसुद्धा चालत नाही का, की हा नुसता देखावा, असं तुम्ही विचारलंय.

मी नगर जिल्ह्यातला मराठी ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही; धर्मशास्त्राची परीक्षा दिलेली नाही. गावच्या चर्चचा चार वर्षं खजिनदार होतो, एवढाच काय तो अधिकार. त्यामुळे उत्तर हिशेबाच्या वहीवरूनच देतो.

आधी एक कबूल करतो. चालतं. आमच्यात खोटं बोलणारे तुमच्याकडच्याइतकेच आहेत, थापा मारणारे तर थोडे जास्तच असतील. तेव्हा ‘ख्रिस्ती म्हणजे खरा माणूस’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आमच्याकडे सुगीनंतर हंगामाचा सण असतो. लोक शेतातलं पहिलं काहीबाही चर्चमध्ये आणतात: बाजरी, ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की अंगणात लिलाव. भोपळ्याची बाजारातली किंमत चाळीस रुपये असेल, पण इथे तो पाचशेला जातो, घेणारा तो पुन्हा लिलावात ठेवतो आणि तोच भोपळा आणखी तिघांच्या हातून फिरतो. टाळ्या पडतात. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेली मंडळी रंगात येतात. आता गोम अशी की बोली तोंडी असते आणि पैसे ‘नंतर’. ते ‘नंतर’ खजिनदाराच्या वहीत.

माझ्या पहिल्या वर्षी लिलावाची बेरीज अठरा हजार सहाशे झाली. पुढच्या रविवारी वेदीवरून तोच आकडा जाहीर झाला, देणाऱ्यांचे आभार मानले गेले. नाताळ आला तरी त्यातले सात हजार चारशे यायचे होते. अकराशेला भोपळा घेणारे एक गृहस्थ मला रस्त्यात दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जायचे. मला त्यांचा राग यायचा. आणि त्याच वहीत सातव्या ओळीवर माझं नाव होतं: कोंबडा, सातशे रुपये. तो आम्ही त्याच संध्याकाळी खाल्ला होता. पैसे द्यायचे राहिले होते, पण वही माझ्याकडे असल्याने मी माझ्या नावापुढे ‘जमा’ लिहून टाकलं होतं. पगार झाला की टाकू, असं. पगार तीनदा झाला.

फेब्रुवारीत एके रात्री घरच्या प्रार्थनेला बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा पाचवा अध्याय आला. हनन्या आणि सप्पीरा. तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. यरुशलेमेतली पहिली मंडळी एकमेकांना सांभाळून राहायची. कोणी शेत विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांच्या, पायाशी आणून ठेवायचा. बर्णबाने तसं केलं होतं आणि त्याचं नाव झालं होतं. हनन्यानेही जमीन विकली, बायकोच्या संगनमताने थोडे पैसे मागे ठेवले आणि उरलेले ‘सगळे’ म्हणून आणून दिले. प्रेषितांतल्या पेत्राने विचारल्यावर तो जागच्या जागी पडला आणि मेला. तीन तासांनी बायको आली. ‘एवढ्यालाच विकली का?’ ‘होय, एवढ्यालाच.’ तीही गेली.

लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकली की वाटायचं, देवाने जरा अतीच केलं. थोडे पैसे ठेवले तर ठेवले. पण नीट वाचलं तर पेत्र पैशांवरून रागावलेलाच नाही. तो म्हणतो, जमीन तुझीच होती ना? विकल्यावर पैसेही तुझेच होते ना? म्हणजे निम्मे दिले असते आणि ‘निम्मे देतोय’ म्हटलं असतं, तर कोणाची काही हरकत नव्हती. त्याला हवं होतं बर्णबाचं नाव, बर्णबाइतका खर्च न करता. येशू ज्यांना ‘ढोंगी’ म्हणतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो नाटकातल्या नटासाठी वापरायचे. तर हा सगळा राग नाटकावर आहे.

वाचून झाल्यावर बायकोने पुस्तक मिटलं आणि विचारलं, “तुम्ही त्या कोंबड्याचे पैसे भरले का हो?”

हिला वहीतलं काही ठाऊक नव्हतं. सहज विचारलं होतं. आणि मी ‘होय’ म्हणायला तोंड उघडलं होतं, खरंच. सप्पीरेचं ‘होय, एवढ्यालाच’ नुकतंच ऐकलं होतं म्हणून थांबलो.

तुमच्या ‘का’चं माझं उत्तर याच जागी आहे. आमचा विश्वास असा की माणूस चांगुलपणाच्या जोरावर देवापुढे उभा राहत नाही, क्षमेच्या जोरावर राहतो. आता क्षमा मिळते ती खऱ्या माणसाला. मी जो नाहीच, त्या सोंगाला देव क्षमा तरी कशाची करणार? म्हणून आमच्यात खोटं हे दहा पापांतलं एक पाप राहत नाही, ते बाकीच्या नवांवरचं झाकण होतं. झाकण निघेपर्यंत काहीच करता येत नाही. दहा आज्ञांमध्ये ‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ आहेच, पण मला ती आज्ञा पाठ होती आणि कोंबडाही पचला होता.

कबुलीनंतरचा भाग मात्र आमचे लोक पटकन विसरतात. देवाची क्षमा मागितली, डोळे पुसले, झालं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय: फसवून घेतलेलं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, ज्याचं आहे त्याच्या हातात द्यायचा, आणि मग अर्पण घेऊन देवाकडे यायचं. उंबरावर चढलेला जकातदार जक्कय तर येशू घरी जेवायला आला म्हणून चौपट परत करायला निघाला. मी जक्कय नव्हे. सातशेचा पाचवा हिस्सा एकशेचाळीस. आठशेचाळीस रुपये पाकिटात घालून चर्चच्या पंचांच्या बैठकीत ठेवले आणि वहीतली ‘जमा’ दाखवली.

सिनेमात असतं तसं काही झालं नाही. एक पंच मोठ्याने हसले. दुसरे म्हणाले, वही काढून घ्या याच्याकडून. पाळकसाहेब गप्प बसले, कारण अठरा हजार सहाशेचा आकडा त्यांनी वर कळवला होता. शेवटी ठरलं की पुढच्या सणाला बोली रोख, आणि जाहीर करायचा आकडा पेटीतला. पुढच्या वर्षी बेरीज दहा हजारांच्या आसपास आली, पण पेटीतही तेवढेच होते. काही जणांचं तोंड वाकडं झालं. खरेपणाने चर्चचं नुकसान झालं, असं एकाने तोंडावर सांगितलं. माझ्यानंतरच्या खजिनदाराच्या काळात उधारी पुन्हा सुरू झाली.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की शपथच वाहू नका, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. शपथ लागते याचाच अर्थ एरवीच्या बोलण्यावर भरवसा नाही. इंग्लंडातल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी सतराव्या शतकात हे शब्दशः घेतलं. कोर्टात शपथ घेईनात म्हणून तुरुंगात गेले. दुकानात घासाघीसही करीनात, कारण दहाला द्यायची वस्तू पंधरा सांगणं हे त्यांच्या लेखी खोटं. एकच भाव. लहान पोराला पाठवलं तरी फसायचं नाही, म्हणून गिऱ्हाईक वाढलं, ही त्यातली गंमत. आपल्याकडे भाजीबाजारात हे केलं तर दोन्ही बाजूंचा दिवस फुकट जाईल, ते सोडा.

पैशाचं खोटं निदान वहीत सापडतं. आमच्यात त्याहून जास्त चालतं ते साक्षीतलं खोटं. उपासनेत माणूस उभा राहून देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगतो, त्याला साक्ष देणं म्हणतात. पहिल्या वेळी ताप उतरलेला असतो, तिसऱ्या वेळी टायफॉइड असतो, पाचव्या गावी डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. लोक ‘हालेलुया’ म्हणतात आणि सांगणाऱ्यालाही ते खरं वाटू लागतं.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या मिशनरी भगिनींशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार आहे. मला पटलं नाही ते मी पटलं म्हणणार नाही, हा त्यांचा सूर. भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने काढलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. ज्यांच्या आश्रयाला राहिल्या, त्यांनाच. आणि याहून अवघड गोष्ट त्यांनी पुढे केली. बाप्तिस्म्याला काही वर्षं उलटून गेल्यावर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे जाहीर लिहून टाकलं. एवढं नाव झालेल्या बाईने! आमच्या साक्षी देणाऱ्यांपैकी कोणी हे म्हणेल?

जीव वाचवायला खोटं बोललं तर काय, हे कोणीतरी विचारेलच. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुवा या सुइणी इब्री (ज्यू) लोकांचे मुलगे मारायचा इजिप्तच्या राजाचा, फारोचा हुकूम मोडतात आणि वर त्याला सांगतात, इब्री बायका दणकट, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. देवाने त्यांचं भलं केलं, असं पुढे लिहिलंय. जुन्या काळचे मोठे ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन मात्र म्हणायचे की कोणाचा जीव वाचवायलाही खोटं बोलू नये. मला सुइणींची बाजू पटते. टॅक्सीच्या बिलाला ती लागू होत नाही, एवढं आपण दोघेही जाणतो.

जिथे मी खरोखर अडतो ती जागा वेगळी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा जवळपास फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये सगळे शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आमच्यातल्या बहुतेकांचे पणजोबा महारवाड्यातून, मांगवाड्यातून चर्चमध्ये आले. गावाने त्यांची जात विसरली नाही, कागदाने विसरली. म्हणून कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ आणि रविवारी चर्चच्या बाकावर. काही आईबाप तर पाळकांना विनवतात की बाप्तिस्मा द्या, पण रजिस्टरला नाव घालू नका. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि नोकरीच्या आरक्षणापुरतं हिंदू म्हणायचं, ही संविधानाशी फसवणूक आहे.

दाखल्यावरचा तो शब्द खोटा आहे, हे मी मान्य करतो. पण माझ्या पुतण्याने त्या दाखल्यावर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तेव्हा मी त्याला काही बोललो नाही. ज्या कायद्याने त्याला जात किंवा ख्रिस्त यातलं एक निवडायला लावलं, त्याच्या बाजूने उभं राहून पुतण्याला दगड मारायला माझा हात उचलत नाही. तो स्वतः मात्र दोन वर्षांपासून प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, पुढे येत नाही. मागच्या बाकावर बसतो. मी कारण विचारलेलं नाही.

आता तुमचा सहकारी. देखावा आहे का, हे मला इथून कसं सांगता येणार? पण तुम्हीच लिहिलंय की एसटीच्या तिकिटाचं तुम्हाला अकाउंट्समधल्या माणसाकडून कळलं, आणि ‘असं का केलंस’ विचारल्यावर तो म्हणाला, “एसटीनेच गेलो होतो.” बस, एवढंच म्हणाला. मी असतो तर हनन्याची गोष्ट सांगितली असती, जशी आत्ता तुम्हाला सांगत बसलोय.