रात्री दहाला कुरण रिकामंच दिसणार

प्रश्न : माझा नातू पेनसिल्व्हेनियात असतो. त्याने जंगली एल्क थेट दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची लिंक पाठवली आहे. आठवडाभर रोज रात्री दहाला, जेवणं उरकली की बघत बसते, पण दिसतं नुसतं गवत. लिंक बिघडली आहे का? आणि एल्क म्हणजे आपलं सांबरच ना?
– एक आजी, सांगली

उत्तर : लिंक ठणठणीत आहे आजी, वेळ चुकतेय. सप्टेंबरात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. तुमचे रात्रीचे दहा म्हणजे तिथली भर दुपार, साडेबारा. कळप तेव्हा झाडीत रवंथ करत बसलेला असतो. दुपारी चारला, चहाच्या वेळी लावा. तिथे उजाडायला लागलेलं असतं.

आणि आवाज बंद ठेवू नका. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा धुकंच धुकं होतं. आधी आवाज आला, कुणी गंजलेलं फाटक उघडतंय असा, बारीक आणि चढत जाणारा. शेवटी घशातले दोन-तीन हुंकार. मला वाटलं, कॅमेऱ्यातच काहीतरी करकरतंय. मग धुक्यातून शिंगं पुढे आली, टोकांना उपटलेलं गवत लोंबत होतं. नराने पुन्हा तोंड उघडलं आणि वाफेचा लोट निघाला. तीन-चारशे किलोचं धूड, आणि गळ्यातून शिट्टी! माजाचे दिवस असतात हे. माझा चहा त्या दिवशी गार झाला.

सांबर मात्र नव्हे. एल्क हा काश्मिरातल्या हंगुल हरणाचा भाऊबंद. मागून बघा, बुडावर लोण्याच्या रंगाचा मोठा डाग दिसेल. सांबर मागूनही काळपटच.

कॅमेरा आहे त्या भागाचं नावच एल्क काउंटी. पण शिकार आणि जंगलतोडीपायी 1870च्या दशकापर्यंत तिथे औषधालाही एल्क उरला नव्हता. 1913 पासून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून आगगाडीने आणून सोडले, त्यांचीच ही पिल्लावळ. मधली जवळपास चाळीस वर्षं नाव होतं, जनावर नव्हतं!

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा खेळ आटोपतो, तेव्हा उद्यापासूनच बसा. फक्त एल्क दिसला म्हणून लगेच नातवाला फोन करू नका. आपले चार म्हणजे त्याचे पहाटेचे साडेसहा.