आधी कादंबरी, मग पटकथा

प्रश्न : माझ्या दोन कादंबऱ्या झाल्यात, आता पटकथा लिहायचीय. पण कादंबरीवाल्यांना सिनेमा जमत नाही म्हणतात, खरंय का हो?

उत्तर : अजिबात नाही! अमेरिकेतले विल्यम गोल्डमन बघा ना, १९५७ ला पहिली कादंबरी आली, मग बरीच वर्षं कादंबऱ्याच लिहिल्या आणि नंतर 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'ची पटकथा तब्बल ४ लाख डॉलरला विकली गेली, वर ऑस्करही मिळालं. मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे त्यांची 'द प्रिन्सेस ब्राइड' ही कादंबरी १९७३ ची, पटकथाही त्यांनीच केली, पण सिनेमा यायला १९८७ उजाडलं! तेवढा धीर ठेवा. फक्त पात्राच्या मनातलं पानभर सांगायची सवय मोडावी लागेल, पडद्यावर ते वागण्या-बोलण्यातूनच दिसायला हवं.