जळगावात मे महिन्यात रात्री दहानंतर मैदानावर मॉन्टी पायथनचा चित्रपट दाखवायचा आहे; पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी कोणता निवडावा?

पहिल्या खेळासाठी १९७१ सालचा ‘अँड नाउ फॉर समथिंग कम्प्लीटली डिफरंट’ हा चित्रपट निवडावा, मात्र खेळ मैदानाऐवजी बंदिस्त सभागृहात ठेवावा. हा चित्रपट म्हणजे मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्या दोन पर्वांतील निवडक प्रहसने पुन्हा चित्रित करून केलेली मालाच आहे. त्यामुळे शेवभाजीचे जेवण आटोपून उशिरा आलेल्यालाही कथा हुकल्याची रुखरुख लागत नाही आणि तमाशातील बतावणी ऐकलेल्या खानदेशी प्रेक्षकाला ही घडण ओळखीची वाटते. यात मालिकेतील प्रेक्षकांचा हशा नाही, म्हणून मेलेला पोपट काउंटरवर आपटत तो मेलाच आहे हे पटवून देणारे गिऱ्हाईक आणि ते शांतपणे नाकारणारा दुकानदार एकट्याने पाहताना थोडे कोरडे वाटतात. भरल्या सभागृहात मात्र पहिला हसणारा सापडला की पुढचे आपोआप जमते, आणि माझ्या मते रात्रीच्या खेळाचे खरे सुख तेच आहे. संवाद वेगवान ब्रिटिश इंग्रजीत असल्याने उपशीर्षके अवश्य ठेवावीत. मे महिन्यातील उकाड्यात मैदानाचा मोह होणे साहजिक आहे. पण ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, बंदिस्त सभागृहाला सवलत आहे. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची परवानगी मात्र दोन्हीकडे लागेल.