चहात पूड घालू का?

प्रश्न : आमचे मालक सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करतात. वीस वर्षं बिडी ओढतात, रोज एक बंडल. बीपीची गोळी चालू आहे. शेजारणीने व्यसन सोडवायची आयुर्वेदिक पूड सांगितली आहे, त्यांना न कळता चहात घालायची. घालू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, अजिबात घालू नका. त्यात काय कुटलंय ते पाकिटावर नसेल, तर मी वैद्य असूनही सांगू शकणार नाही. आणि त्यांना कळलं, तर तुमच्या हातचा चहा पुन्हा निर्धास्तपणे घेतील का?

निकोटिनची तलफ घालवणारी मुळी माझ्याकडे नाही. युरोपातल्या लॅबर्नम झाडाच्या बियांत सायटिसिन नावाचं, ही तलफ कमी करणारं द्रव्य असतं. त्याच्या गोळ्या बल्गेरियात 1964पासून मिळतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण त्या मोजून केलेल्या असतात, बिया मात्र विषारी. आपल्या बहाव्याला इंग्रजीत इंडियन लॅबर्नम म्हणतात, पण ते झाड वेगळं. त्याच्या शेंगा उकळून देऊ नका, पोट ढाळेल.

जेष्ठमधही नको. माझ्या वडिलांनी बिडी सोडली तेव्हा मीच त्यांना काडी चघळायला दिली. ते दिवसभर चघळत राहिले. पंधरा दिवसांत पाय सुजले. घोट्याजवळ अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. बीपीही चढलं होतं. काडी बंद केली तेव्हा सूज उतरली. ते आठवलं की आजही जीव धसकतो.

ओवा आणि बडीशेप भाजून द्या, मीठ न लावता. त्याने तलफ मरत नाही, पण ती लाट काही मिनिटांचीच असते आणि तेवढा वेळ तोंड गुंतून राहतं. पहिले तीन दिवस फार जड जातात, चिडचिड होईल. चहाबरोबर बिडी पेटत असेल, तर ते दिवस चहाच्या टपरीपासून लांब राहू दे. निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, थोडं चावून गालात धरायचं. पण बीपी आहे, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. 1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. फोन त्यांनाच करू दे.

आणि ओव्याची पुडी त्यांना सांगून ठेवा, बंडल असतं त्याच खिशात.